संमती कोणाची? : देसाईगंजचा निकाल आणि मानवी हक्कांची भाषा

१

मराठीत 'लिंग' हा एकच शब्द अनेक कामे करतो. व्याकरणात तो नामाचा वर्ग सांगतो, वैद्यकात देहाचा भाग सांगतो आणि भारतीय संविधानाच्या मराठी पाठात धर्म, वंश, जात यांच्या रांगेत बसून भेदभावाचे एक कारण सांगतो. इंग्रजीने याची दोन नावे केली : सेक्स आणि जेंडर. पहिले नाव देहाचे. दुसरे नाव त्या देहावर समाजाने लादलेल्या भूमिकेचे, मर्यादेचे आणि सत्तेचे. आपल्याकडे विद्यापीठांनी या दुसऱ्यासाठी 'लिंगभाव' हा शब्द घडवला. तो अजून कचेरीत आणि ठाण्यात पोचलेला नाही.

कायद्यातही तो फार उशिरा पोचला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत 'जेंडर' या मथळ्याचे आठवे कलम होते. 'तो' हे सर्वनाम पुरुष वा स्त्री, कोणाही व्यक्तीला लागू समजावे, एवढेच त्यात सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या दुसऱ्या कलमात हीच व्याख्या राहिली. भर पडली ती तृतीयपंथी व्यक्तींची. फौजदारी कायद्याच्या लेखी जेंडर हा प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ केवळ सर्वनामाचा होता. बाईला 'तो' म्हणून मोजले की समानता आली, असा हा हिशेब.

ही शब्दचर्चा पंडितांची करमणूक आहे असे कोणास वाटेल. परंतु आमच्या झाडीपट्टीत या शब्दाचा निकाल एका पोलीस ठाण्यात लागला आहे. नागभीडहून गोंदियाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ब्रह्मपुरी मागे पडली, वैनगंगा ओलांडली की वडसा येते. तेच देसाईगंज. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता आणि देसाईगंज चंद्रपुरात होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील ठाण्यात जे घडले त्यावरून देशाचा बलात्काराचा कायदा बदलला. तो निकाल, त्यावरचे पत्र आणि त्याच सुमारास जगाने मान्य केलेला स्त्रीहक्कांचा करार ही तीन लिखिते शेजारी ठेवून वाचण्याचा येथे प्रयत्न आहे. मानवी हक्कांचा कायदा 'स्त्री' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोण असते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

२

खटल्याचे नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. हे आरोपीचे नाव. चळवळीने आणि वर्तमानपत्रांनी तो खटला मुलीच्या नावाने ओळखला. पुढे १९८३ साली पीडितेचे नाव छापण्यास बंदी करणारे कलम आले. ते याच खटल्याच्या धगीतून आले. म्हणून येथे तिचे नाव लिहिलेले नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते ठाऊक आहे.

मुलगी आदिवासी, आईबाप वारलेली, भावाजवळ राहणारी, मजुरी करून पोट भरणारी. वैद्यकीय अंदाजाने वय चौदा ते सोळा. ज्या घरी ती कामाला जाई त्या घरच्या नात्यातील एका तरुणाशी तिचे जमले. भावाने ठाण्यात तक्रार दिली की तिला पळवून नेले. सर्वांना ठाण्यात बोलावले, जबाब झाले, रात्री साडेदहाच्या सुमारास सगळे निघाले. मुलीला मागे थांबवून घेण्यात आले. बाहेर भाऊ आणि इतर माणसे उभी होती. आत दिवा मालवलेला आणि दार लावलेले होते.

चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मुलगी सोळा वर्षांखालील असल्याचे सिद्ध झाले नाही, तिला शरीरसंबंधाची सवय होती आणि ती खोटे बोलते, असे त्यांचे म्हणणे. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीपोटी देह सैल सोडणे म्हणजे संमती नव्हे, परक्या पोलिसांना ही मुलगी स्वतःहून राजी होईल हे संभवनीय नाही, असे सांगून एकास पाच वर्षांची आणि दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखम नाही, म्हणजे तिने प्रतिकार केल्याची हकीकत खोटी. जिवाची वा इजेची भीती घातल्याचे सिद्ध नाही, म्हणजे कायद्याला लागते तेवढी भीती नाही.

या तीन निकालांकडे तीन वाचने म्हणून पाहिले पाहिजे. सत्र न्यायालयाने मुलीचे चारित्र्य वाचले. सर्वोच्च न्यायालयाने तिचा देह वाचला. नागपूर खंडपीठाने मात्र ती खोली वाचली : रात्र, बंद दार, गणवेश, आणि त्या गणवेशासमोर उभी असलेली मजूर मुलगी. जेंडर या शब्दाचा सारा अर्थ या तिसऱ्या वाचनात आहे, जरी त्या निकालात तो शब्द नाही. ठाण्यातले बळ स्नायूंचे नसते. ते बिल्ल्याचे असते. त्या बळाचा ओरखडा अंगावर उमटत नाही. न्यायालयाने ओरखडा शोधला, तो सापडला नाही, आणि बळच नव्हते असा निष्कर्ष काढला.

आपली भाषासुद्धा या चुकीत भागीदार आहे. 'बलात्कार' या शब्दातच बळ आहे. त्यामुळे मारहाण नसेल तर बलात्कार कसला, असे ऐकणाऱ्यास वाटते. 'विनयभंग' या शब्दात मोडतो तो विनय, माणूस नव्हे. 'अब्रू गेली' असे म्हणताना ती अब्रू बाईची नसते, घराची असते. कायदा इंग्रजीत लिहिला आणि मराठीत समजला गेला. दोन्ही भाषांत बाई स्वतः वाक्याची कर्ती झाली नाही.

३

१६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले : उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार. ठाण्यात अडकलेल्या चौदा-सोळा वर्षांच्या मुलीने ओरडून मदत मागावी अशी न्यायालयाची अपेक्षा आहे काय, असा त्यांचा सवाल होता. संमती आणि शरणागती यांतील फरक त्यांनी दाखवला, आणि गरिबाला ठाण्यात वाटणाऱ्या भीतीचे नाव घेतले. १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले.

पत्रानंतर तीनच महिन्यांनी, १८ डिसेंबर १९७९ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांवरील सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा करार स्वीकारला. हे दोन कागद एकमेकांना ओळखत नव्हते; परंतु विषय एकच होता. लंडनमध्ये अॅन ओकली यांचे सेक्स आणि जेंडर यांची फोड करणारे पुस्तक १९७२ सालीच आले होते, देसाईगंजच्याच वर्षी.

या कराराचे वाचन नीट केले पाहिजे. भेदभावाची त्याची व्याख्या 'सेक्स'वर उभी आहे; 'जेंडर' हा शब्द त्या व्याख्येत नाही. मात्र पाचव्या कलमाने राज्यांना सांगितले की स्त्री-पुरुषांच्या ठरीव भूमिकांवर आणि श्रेष्ठ-कनिष्ठतेच्या कल्पनेवर पोसलेल्या रूढी बदला. शब्द नाही, पण आशय आला. १९९२ साली कराराच्या समितीने आपल्या एकोणिसाव्या शिफारशीत स्त्रीवर ती स्त्री आहे म्हणून होणारी हिंसा हाही भेदभावच आहे असे स्पष्ट केले. १९९५ च्या बीजिंग परिषदेत जेंडर या शब्दावरून इतका वाद झाला की अध्यक्षांना वेगळे निवेदन जोडावे लागले. १९९८ च्या रोम संविधीने तडजोड केली : जेंडर म्हणजे समाजाच्या संदर्भात पाहिलेली दोन लिंगे, पुरुष आणि स्त्री. समाज आला, पण दोनांचे कुंपण घालून आला. शेवटी २०१० च्या अठ्ठाविसाव्या शिफारशीत समितीने उघड फोड केली : देहातील भेद ते सेक्स, समाजाने घडवलेल्या ओळखी आणि भूमिका ते जेंडर. आपल्याकडे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या खटल्यात संविधानातील 'लिंग' या शब्दात व्यक्तीची लिंगओळखही येते असे म्हटले. तेथे संविधान रोमच्या कुंपणापलीकडे गेले.

संमतीच्या प्रश्नावर जगाचा कायदा कोठे पोचला? युगोस्लाव्हियासाठी हेगला नेमलेल्या न्यायाधिकरणाने फोचा येथील स्त्रियांच्या खटल्यात २००१ व २००२ साली सांगितले की प्रतिकार केलाच पाहिजे ही अट नाही. कोंडून ठेवलेल्या स्त्रीची परिस्थितीच संमतीची शक्यता नाहीशी करते. २००३ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बल्गेरियातील चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात अंगावरच्या झटापटीच्या खुणा मागणारी पद्धत दोषी ठरवली. हे वाचताना आमच्या वाचकाने एक तारीख आठवावी. नागपूर खंडपीठाने हीच दिशा १९७६ साली दाखवली होती, हेगच्या पंचवीस वर्षे आधी, आणि दिल्लीने ती पुसली. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे युरोपातून आलेली शहाणपणाची पेटी, असे मानण्याचे कारण नाही. शहाणपण येथे होते. ते टिकू दिले नाही.

१९८३ च्या दुरुस्तीने ठाणे, तुरुंग, रुग्णालय अशा कोठडीतील बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली, आणि तेथे स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे असे ठरले. साक्षीदार स्त्रीचे पूर्वचारित्र्य उकरण्याची मुभा २००३ साली कायद्यातून गेली. २०१३ साली केवळ प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असे होत नाही, हे वाक्य कायद्यात आले. देसाईगंजपासून या वाक्यापर्यंत एकेचाळीस वर्षे.

४

येथवरची कथा प्रगतीची वाटते. पण या प्रगतीत एक घर रिकामे राहिले आहे.

मानवी हक्कांच्या कायद्याने माणसाची वाटणी खणांमध्ये केली. १९६५ चा एक करार वांशिक भेदभावाचा, १९७९ चा दुसरा करार स्त्रियांचा. वंशाच्या करारात 'डिसेंट' म्हणजे जन्मपरंपरा हा शब्द आहे, आणि तो घालावा ही सूचना भारताचीच होती. २००२ साली त्या कराराच्या समितीने या शब्दात जात येते असे सांगितले. भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे असे म्हणून ते मान्य केले नाही. स्त्रियांच्या कराराच्या मूळ पाठात जातीचा उच्चार नाही. तो पुढे समितीच्या शिफारशींत, भेदभाव एकमेकांत गुंतलेले असतात हे सांगताना, एका यादीत आला. देसाईगंजची मुलगी आदिवासी म्हणून एका खणात, स्त्री म्हणून दुसऱ्यात आणि मजूर म्हणून तिसऱ्यात गेली. ठाण्यात मात्र ती एकाच वेळी तिन्ही होती. पोलिसाने तिला थांबवून घेतले तेव्हा त्याने खण तपासले नव्हते.

ही फाळणी आपल्या न्यायालयांतही आहे. २००६ साली भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. २००८ च्या निकालात खुनासाठी शिक्षा झाल्या. अॅट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही आणि स्त्रियांच्या विनयभंगाचा आरोपही टिकला नाही. नागपूर खंडपीठाच्या २०१० च्या निकालानेही ते बदलले नाही. गावाने ज्या दोन कारणांनी त्या मायलेकींना गाठले ती दोन्ही कारणे कागदावरून गेली. उरले फक्त प्रेत. २०२१ साली आंध्रातील एका अंध दलित मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जात, लिंग आणि अपंगत्व कसे एकत्र काम करतात याचे उत्तम विवेचन केले, बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली, आणि गुन्हा जातीच्या 'कारणावरून' घडल्याचे सिद्ध नाही म्हणून अॅट्रॉसिटीखालील शिक्षा काढून टाकली. २०१५ च्या दुरुस्तीने 'कारणावरून' ऐवजी 'जात ठाऊक असताना' एवढे पुरे केले होते, पण हा गुन्हा त्याआधीचा होता. विवेचन नव्या भाषेत, निकाल जुन्या खणात.

गंमत अशी की हे खण जोडणारे एक वाक्य २०१५ च्या दुरुस्तीपर्यंत भारतीय कायद्यातच होते. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असलेल्याने त्या स्थितीचा वापर करून तिचे लैंगिक शोषण केले, आणि ती एरवी त्याला राजी झाली नसती, तर तो गुन्हा ठरवला. ठाणे नको, दार लावलेले नको. वर्चस्वाची स्थिती पुरे. तेंदूच्या फळीवरचा मुनीम, बांधावरचा मालक, वसतिगृहाचा व्यवस्थापक, सारे त्यात येऊ शकत होते. हेगच्या निकालाआधी लिहिलेले हे वाक्य जगाच्या कायद्याला देता येईल असे आहे. दुर्दैव एवढेच की त्याची शिक्षा पाच वर्षांवर जात नव्हती.

आता संमतीविषयीची सर्वांत बोलकी गोष्ट. भारताने स्त्रियांच्या करारावर ३० जुलै १९८० रोजी सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी तो मंजूर केला. पण सोबत निवेदन जोडले. रूढी बदलण्याचे पाचवे कलम आणि विवाहातील समानतेचे सोळावे कलम यांबाबत, कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाला धरूनच ती पाळू, असे त्यात म्हटले आहे. वाचकांनी या दोन कागदांवरचा 'संमती' हा शब्द जवळजवळ ठेवावा. १९७८ च्या निकालात मुलीची संमती तिच्या शांततेवरून गृहीत धरली गेली. १९९३ च्या निवेदनात समाजाची संमती मात्र विचारूनच घ्यायची आहे. ज्या राज्याला समाजाचे मौन होकार वाटत नाही, त्याच्या न्यायालयाला मुलीचे मौन होकार वाटले. आणि हा 'समाज' कोण? जातपंचायतीत बसणारे पुरुष. त्याच पंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

व्यक्तीला थेट समितीकडे तक्रार करू देणारा १९९९ चा पूरक करारही भारताने स्वीकारलेला नाही. देसाईगंजच्या मुलीला दिल्लीनंतर कोणताही दरवाजा नव्हता; आजही नाही.

५

जात आणि लिंग यांची गाठ जगाच्या कायद्याला फार उशिरा दिसली. बाबासाहेब आंबेडकरांनी ती ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवली होती. जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. तो टिकवायचा तर 'जादा' उरलेल्या स्त्रीचा बंदोबस्त करावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे त्या बंदोबस्ताचे मार्ग आहेत, असे त्यांनी मांडले. याचा अर्थ फार दूरवर जातो. जात आधी आणि स्त्रीदास्य नंतर चिकटले, असे नाही. स्त्रीच्या देहावरील पहाऱ्यातूनच जात दर पिढीला नव्याने जन्मते. जेंडर समाजाने घडवले असे म्हणणे सोपे आहे. कोणत्या समाजाने, कशासाठी, कोणत्या यंत्राने, हे १९१६ चा निबंध सांगतो आणि १९७९ चा करार सांगत नाही. म्हणून या कराराला पूरक वाचन हवे असेल तर ते आपल्याकडे आहे.

या दृष्टीने देसाईगंजचा आरंभ पुन्हा पाहावा. खटला ठाण्यात सुरू झाला नाही. घरात सुरू झाला. मुलीने आपला जोडीदार आपण निवडला, आणि भावाच्या तक्रारीत ते 'पळवून नेणे' झाले. लग्नाआधी एकत्र राहणे या भागातील अनेक आदिवासी समाजांना अपरिचित नाही. पण ठाण्याच्या कागदावर चढताच त्या निवडीला सवर्ण गृहस्थाश्रमाचे माप लागले. पुढे त्याच निवडीवरून सत्र न्यायालयाने तिला सवयीची ठरवले. तिने एकदा दिलेली संमती घराने नाकारली. तिने कधीच न दिलेली संमती न्यायालयाने बहाल केली. तिच्या होकाराला किंमत नव्हती म्हणूनच तिच्या नकारालाही आली नाही.

हे आपल्याही घराला लागू आहे, आणि ते या पानांवर सांगितले नाही तर कोठे सांगायचे? जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, आणि समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. त्या परिषदेतल्या स्त्रिया चळवळीच्या इतिहासातून गळाल्या. त्यांना पुस्तकात आणायला १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना घरोघर फिरावे लागले. आपल्या कथा-कवितांत अत्याचार झालेली बाई पुष्कळदा येते, पण बहुधा वस्तीच्या अपमानाची खूण म्हणून. कवी पेटून उठतो तो तिच्या भावाच्या वतीने. तिला काय हवे होते हे विचारलेले दिसत नाही. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांनी आत्मकथने लिहिली तेव्हाच घराच्या आतला मार कागदावर आला, आणि तो सवर्णांइतकाच आपल्या पुरुषांनाही अवघड गेला. नवऱ्याने केलेला बलात्कार आजही कायद्याने बलात्कार नाही. या अपवादाविरुद्ध आपल्या किती सभांनी ठराव केले?

अशा वेळी काही जण म्हणतील की घरचे उघड केले तर शत्रूला हत्यार मिळेल. १९९३ चे सरकारी निवेदन हेच म्हणते, फक्त राजनैतिक भाषेत : समाजाची खाजगी बाब. चवदार तळ्यावर आणि मनुस्मृतीच्या होळीत ज्यांनी खाजगी बाबीचा हा दावा नाकारला, त्यांच्या वारसांना तो शोभत नाही.

तेव्हा आमची कसोटी साधी आहे. कायदा असो, करार असो वा कविता, तिच्यात बाईचा होकार आणि नकार दोन्ही तिचे स्वतःचे आहेत काय? जात, जमात आणि मजुरी वजा न करता ती तेथे उभी आहे काय? १९७९ चा करार या कसोटीवर अर्धा उतरतो. १९७८ चा निकाल उतरत नाही. १९१६ चा निबंध आणि १९७६ चा नागपूरचा निकाल उतरतात. आपले साहित्य आणि आपली चळवळ कोठे उतरतात हे आपण ठरवायचे आहे. ते ठरवताना या वेळी मत तिचे आधी घ्यावे.